खोऱ्याचा रंग

एकदा एका डोंगराळ खोऱ्यात राहणाऱ्या वृद्ध गुरुजींना भेटायला त्यांचा जुना शिष्य शहरातून आला. शिष्य आता एका मोठ्या पुढाऱ्याचा सल्लागार होता. निवडणुकीआधी कुठे सभा घ्यायची, कुणाला काय आश्वासन द्यायचे, हे तो नकाशा रंगवून ठरवीत असे. त्या नकाशात त्याचे हे जन्मखोरे अख्खे जांभळे होते.

"म्हणजे काय रे?" गुरुजींनी विचारले.

"विरोधकांचा बालेकिल्ला, गुरुजी. इथे सभा घेऊन उपयोग नाही."

"आणि ओढ्यावरचा पूल? पावसाळ्यात आजारी माणूस अजून डोलीतूनच न्यावा लागतो."

"मतं नाहीत तिथे पुलाचा शब्द कोण देणार?" शिष्य ओशाळून म्हणाला.

गुरुजी उठले. आतून आपली जुनी जांभळी गोधडी आणून ते कात्रीने तिची शिवण उसवू लागले. शिष्य कळवळला. गुरुजी तरुणपणी या गावी रुजू झाले, तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे घरोघरची जुनी वस्त्रे गोळा करून बायांनी ती त्यांच्यासाठी शिवली होती.

वरचे कापड बाजूला झाले. आत मुंडाशांचे, परकरांचे, धोतरांचे तुकडे होते. एका हिरव्या चौकड्यापाशी शिष्याचे बोट थांबले.

"हे आईचं लुगडं. आणि शेजारी बाबांचं धोतर!"

"मतदानाला कशी जायची रे दोघं?"

शिष्याला हसू आले. "चार मैल बरोबर चालत. आईचं मत एकाला, बाबांचं दुसऱ्याला. येताना करवंदं खात बाबा म्हणायचे, 'काय गं, यंदाही माझं मत वाया घालवलंस!' आई म्हणायची, 'मग घरी बसायचं होतं.' पण घरी कधी कुणी बसलं नाही." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. किती वर्षांत त्याला ती वाट आठवली नव्हती.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "जांभळं कापड मोठं होतं, म्हणून ते वर आलं. ऊब मात्र मला सगळ्यांनी दिली. तू वरचंच पाहिलंस. विरोधकांना हे खोरं खात्रीचं वाटतं म्हणून ते येत नाहीत. तुम्हाला ते परकं वाटतं म्हणून तुम्ही येत नाही. तुझ्या आईला शेवटी डोलीतूनच नेलं, आठवतं ना?"

शिष्याने सुईदोरा मागून घेतला आणि उसवलेली शिवण पुन्हा घातली. मग नकाशा उघडून त्याने पुढाऱ्याची पहिली सभा ओढ्याकाठी लिहिली.

एखाद्या भागाला आपण एकच रंग देतो, तेव्हा करवंदे खात परतणारी ती दोघे आपल्याला दिसलेली नसतात.