येसूचं विमान आणि गावाचं तोरण

तुमच्या पणज्याच्या पणज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका राज्यात लाकडाची विमानं उडत. एका विमानात एकच माणूस मावे, आणि त्याच्या पाठीमागे राखेचं पोतं. हो, राखेचंच. त्या राज्यात दर साली टोळधाड यायची, आणि उभ्या ज्वारीवर कडुनिंबाची राख पडली की टोळ त्या शेताला तोंड लावत नसत. पण राख उंचावरून सोडली तर वारा ती उचलून शेजारच्या राज्यात नेऊन टाकी. म्हणून विमान खाली आणावं लागे. इतकं खाली, की कणसं वाऱ्यानं वाकावीत, पण चाकाला लागू नयेत.

हे काम शिकवायला राजानं एक म्हातारा वस्ताद ठेवला होता. जन्मभर खाली उडून त्याची सगळी हाडं जागच्या जागी होती, यावरूनच तो किती शहाणा ते ओळखा. मात्र शिकवून शिकवून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"वर चुकलात तर सावरायला वेळ मिळतो," तो रोज सांगे. "खाली चूक आणि तिची शिक्षा एकदमच येतात. मध्ये 'अगं आई' म्हणायलाही जागा नसते."

आणि सांगे, "हवेत ताणलेला दोर दिसत नाही. डोळे फाडून बघा, दिसत नाही. म्हणून उडायच्या दिवशी सकाळी सगळं शेत पायांनी चालून या. काल चाललात ते काल झालं!"

पोरं माना डोलवत आणि विसरून जात. त्यांचा वस्तादाला राग येई नि जाई. खरा वैताग होता तो येसूचा. कारण येसू काही विसरत नव्हती. तिला सगळं पाठ होतं, आणि हात असा, की वस्तादानं उभ्या जन्मात तसा पाहिला नव्हता. झाड यायच्या आधी नेमकं विमान उचलायची, उन्हाकडे तोंड करून कधी उडायची नाही. चार सालं तिनं एका गावाची ज्वारी राखली. वस्तादाला मूलबाळ नव्हतं, त्याचा सगळा जीव या पोरीत. म्हणून तर सगळ्यात जास्त ओरडा तिलाच.

तिला बिघडवलं ते त्या गावानं. पहिल्या साली लोक गुमान घरात बसले. दुसऱ्या साली बांधावर आले. तिसऱ्या साली ताशा घेऊन आले. येसूचं विमान कणसांवरून गेलं की एकच गलका उठे, "आणखी खाली! आणखी खाली!"

आणि येसू आणखी खाली यायची. राखेला तेवढं खाली लागत नव्हतं. गलक्याला लागत होतं.

"कोणासाठी उडतेस गं?" वस्ताद चिडून विचारी. "ज्वारीसाठी की त्या बघ्यांसाठी?"

"दोघांसाठी, वस्ताद. एवढे लोक खूश होतात. तुम्ही तेवढे कधी खूश होत नाही."

"तू म्हातारी होऊन मेलीस की होईन!"

पाचव्या साली, टोळ तीन दिवसांवर आले असताना, माळावर विमानात राख भरणं चाललं होतं. वस्तादानं विचारलं, "शेत चालून आलीस?"

"वस्ताद, पाच सालं तेच शेत आहे. विहीर कुठे, चिंच कुठे, राखणीचा माळा कुठे, डोळे मिटून सांगते."

"डोळे मिटूनच सांगायचं तर देवानं ते दिले कशाला? जा, चालून ये."

"तोवर ऊन चढेल, वारा सुटेल, राख उडेल. हे तुम्हीच शिकवलंय."

आपलीच शिकवण आपल्याच तोंडावर मारलेली वस्तादाला अजिबात सोसत नसे. "बरं बाई, मीच चालतो तुझं शेत!" म्हणून तो घोडीवर बसला आणि तणतणत निघाला.

गावात पोचतो तो काय? बांधावर अख्खं गाव जमलेलं. चिंचेच्या फांदीपासून राखणीच्या माळ्यापर्यंत, शेतावरून आडवा, एक लांबलचक दोर ताणलेला. खाली टोपल्यांत झेंडू.

"हे काय आहे?" वस्ताद ओरडला.

"तोरण, वस्ताद!" पाटील हात जोडून पुढे आले. "येसूबाईंच्या मानाचं. फुलं लावायचीत अजून. त्या खालून जातील, वरून फुलं पडतील. कसं?"

"सोडा तो दोर! आधी सोडा!"

पाटलांचा चेहरा उतरला. "शुभ कामाला बांधलेलं तोरण काम व्हायच्या आधी सोडायचं? अपशकुन होईल हो."

"अहो, तिला तो दिसणार कसा?"

"एवढ्या खाली येणाऱ्या बाईला एवढा मोठा दोर दिसणार नाही? काय वस्ताद, स्वतःच्या चेलीवर भरवसा नाही?"

"तिला कळवलंय का कोणी?"

"कळवलं तर मग नवल काय राहिलं!" पाटील म्हणाले, आणि सगळं गाव हसलं.

वस्तादानं एका बाईच्या हातातला विळा हिसकला आणि चिंचेकडे धाव घेतली. दहा पावलं गेला नसेल, तोच विमानाचा आवाज आला; येसू त्याच्या परतण्याची वाट न बघताच निघाली होती. मग त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, ते दोन्ही हातांनी गरगर फिरवलं आणि बोंबलला, "वर जा! येसू, वर जा!"

लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आला. त्यांनीही मुंडाशी सोडली, फिरवली. ताशा कडाडला. "आणखी खाली! आणखी खाली!"

येसूनं वरून पाहिलं. चिंच होती तिथंच होती, माळा होता तिथंच होता. मधला दोर तेवढा नवा, आणि तेवढाच तिला दिसला नाही. आणि गर्दीच्या पुढे, दोन्ही हात वर करून, आपला वस्ताद! समोर बघायचं सोडून तिनं त्याच्याकडे बघितलं, हसली, आणि वीतभर आणखी खाली आली.

दोर चाकात अडकला. विमान एकदा उलटलं आणि ज्वारीत गेलं. राखेचं पोतं फुटून सगळी राख एकाच जागी पडली.

वस्तादानं तिला स्वतःच्या हातांनी फळ्यांखालून ओढून काढलं. जिवंत होती. पाय मात्र दोन जागी मोडला होता.

"तुम्ही हात वर केलेत," ती कण्हत म्हणाली. "मला वाटलं, एकदाचे खूश झालात."

वस्ताद मान खाली घालून तिच्या पायाला मुंडासं बांधू लागला. सगळं गाव भोवती गोळा झालं होतं. पाटील वाकून दोराकडे बघत होते. मग हळहळून म्हणाले, "थोडी आणखी खाली असती, तर निघाली असती हो खालून."

वस्तादानं मान वर केली.

"याच्या खाली, पाटील," तो म्हणाला, "माणसाला पुरतात."

बाकीची विमानं आपापल्या गावांत गुंतलेली, आणि तिसऱ्या दिवशी टोळ आले. जिथं राखेचा ढीग पडला होता तिथली खाटेएवढी ज्वारी तेवढी वाचली, बाकी शेतात धाटही उरलं नाही. येसूचा पाय पुढे बसला, पण विमान चालवण्याजोगा नाही. गावानं ते वर्ष रानातली कंदमुळं उकडून काढलं, आणि एवढं होऊनही चुलीपाशी बसून लोक एकमेकांना सांगत, "पण कणसं काय हलायची, नाही?"

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: 'आणखी खाली' म्हणणारा जमिनीवर उभा असतो, तेव्हा किती खाली जायचं ते त्याला विचारून ठरवू नये.