म्हशींना बोलावणारा हरकारा

डोंगरांच्या कुशीत एक लहानसं संस्थान होतं आणि त्या संस्थानात निंबाजी नावाचा एक हरकारा होता. राजाची पत्रं आणि निरोप गावोगाव पोचवायचे, हे त्याचं काम. काम तो चोख करायचा. पायाला भिंगरी लावल्यासारखा चालायचा आणि निरोपातला शब्द कधी इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.

पण निंबाजीला एक जगावेगळा छंद होता. कुठल्याही गावी गेला, की निरोप सांगून झाल्यावर तो हळूच विचारायचा, "तुम्ही तुमच्या गुरांना हाक कशी मारता हो?" कुठे कोंबड्यांना 'बो बो' करून बोलवत, कुठे शेळ्यांना 'उर्र उर्र', तर कुठे नुसती जीभ टाळूवर आपटून. गाव बदललं की हाक बदलायची. निंबाजी ती शिकून घ्यायचा आणि परतीच्या वाटेवर घोकत यायचा. आता भर दुपारी, कमरेला राजाचा खलिता आणि तोंडाने शेळीची हाक! बघणारे हसतील नाही तर काय करतील?

बोरमाळ गावच्या एका म्हातारीने तर त्याला चांगलं तासभर पिदवलं होतं. तिथे म्हशींना 'ड्यूऽऽ हो, ड्यूऽऽ हो' अशी हाक मारत. निंबाजीला ती काही केल्या जमेना.

"नाक दाबून म्हण की रं लेकरा," म्हातारी म्हणाली. "आन् लाजू नगंस. लाजत मारल्याली हाक म्हसरं ऐकत न्हाईत."

संस्थानचे कारभारी रंगोपंत मोठे शिस्तीचे. त्यांना हा छंद मुळीच खपत नसे. अशात हरकाऱ्यांचा नाईक म्हातारा झाला आणि घरी बसला. त्याच्या जागेवर निंबाजीचा बारा वर्षांपासून डोळा होता. नाईक म्हणजे बसायला घोडा! पायांना भेगा पडलेल्या माणसाला घोड्याचं किती अप्रूप असतं, ते त्यालाच ठाऊक.

पंतांनी त्याला बोलावून घेतलं. "निंबाजी, तुझ्याइतका लायक दुसरा नाही. उद्या दरबारात नाईकपणाचं पागोटं तुलाच. पण नाईक म्हणजे दरबारचा माणूस. असली गुराख्याची हाक तुझ्या तोंडून पुन्हा एकदा जरी कानावर आली, तरी पागोटं दुसऱ्याच्या डोक्यावर चढेल. कबूल?"

"कबूल, पंत," निंबाजी म्हणाला. घोडा मिळणार म्हणून त्याला आनंद झाला आणि छंद सुटणार म्हणून वाईटही वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं.

त्याच दिवशी बोरमाळहून राजाकडे वीस म्हशी आल्या होत्या. दुष्काळात राजाने त्या गावाला धान्य पुरवलं होतं, म्हणून गावाने प्रेमाने पाठवलेली ती भेट होती. बोरमाळचे गुराखी म्हशी पोचवून लगेच परतले. दुपारी म्हशी शहराला लागून वाहणाऱ्या नदीत डुंबल्या आणि पात्राच्या मधोमध असलेल्या बेटावर चढून निवांत चरू लागल्या.

तेवढ्यात वर डोंगरात पाऊस झाला आणि नदी भराभर चढू लागली. बघता बघता बेट निम्मं झालं. सगळं शहर काठावर जमलं. राजा स्वतः धावत आला. राजवाड्याच्या गुराख्यांनी घसा फोडून आपल्या हाका मारल्या. कुणी ढोल बडवले, कुणी ताशे. त्या गोंगाटाने म्हशी आणखीच बुजल्या आणि बेटाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. तिकडची धार ओढीची होती आणि पुढे खडकाळ कडा होता. तिकडून त्या पाण्यात शिरल्या असत्या, तर एकही वाचली नसती.

निंबाजी गर्दीत उभा होता. या म्हशी कुठल्या हाकेला येतील, हे सगळ्या काठावर त्याला एकट्याला ठाऊक होतं. पण राजाच्या शेजारीच रंगोपंत उभे होते. बारा वर्षांची पायपीट निंबाजीच्या डोळ्यांपुढून गेली. मग त्याने बेटाच्या टोकाला घाबरून उभ्या असलेल्या त्या मुक्या जिवांकडे पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत तो पाण्यात शिरला.

"ढोल थांबवा!" तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "ड्यू हो…"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एकाही म्हशीने कान हलवला नाही. हलवतील कशा? हाक शरमेने अर्धी घशातच राहिली होती.

निंबाजीने डोळे मिटले, नाक घट्ट दाबलं आणि सगळ्या लोकांसमोर, राजासमोर, पंतांसमोर सगळा जीव ओतून हाक घातली, "ड्यूऽऽ हो! ड्यूऽऽऽ होऽऽ!"

पुढच्या म्हशीने मान वर केली. ती वळली. पाण्यात उतरली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. निंबाजी हाक घालत राहिला आणि विसाच्या वीस म्हशी पोहत पोहत त्याच्याकडे आल्या. काठावर एकच जल्लोष झाला.

निंबाजी मात्र निथळत रंगोपंतांपुढे उभा राहिला. "पंत, मी शब्द मोडला. पागोटं दुसऱ्याला द्या," तो म्हणाला.

राजाने सगळी हकिगत विचारून घेतली. मग तो गंभीरपणे म्हणाला, "ती हाक मलाही शिकव."

राजाने नाक दाबलं आणि म्हशींकडे तोंड करून चांगली खणखणीत हाक घातली. म्हशी आपल्या रवंथ करत बसल्या. हसावं की नाही, लोकांना कळेना. शेवटी राजाच पोट धरधरून हसू लागला.

"माझ्या एका हाकेला सगळं संस्थान धावत येतं आणि एक म्हैस मान वळवत नाही!" तो म्हणाला. "पंत, पत्रं पोचवायला माणसं पुष्कळ मिळतील, नाईक दुसरा नेमा. संस्थानातली सगळी गुरं-ढोरं, घोडे, उंट आजपासून निंबाजीच्या हाताखाली. आणि फिरायला त्याला आवडेल तो घोडा द्या."

"महाराज, त्यासाठी उद्याच्या दरबाराची वाट कशाला पाहायची?" रंगोपंत म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचं पागोटं काढून निंबाजीच्या ओल्या डोक्यावर ठेवलं.

तात्पर्य इतकंच: छंद जगाला कितीही हास्यास्पद वाटो, तो मनापासून जोपासावा आणि गरज पडेल तेव्हा न लाजता कामी आणावा; पुढे जाण्याची वाट कधी कधी त्यातूनच निघते.