शीळ घालणारं कासव

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा गावांना वेशी होत्या आणि राजे रयतेच्या अंगणात येऊन डोकावत असत.

एका गावात येसूबाई नावाची रंगारीण राहत होती. तिच्या अंगणात रंगाच्या मोठमोठ्या कुंड्या होत्या आणि त्यांच्या आसपास एक कासव हिंडत असे. गुळाच्या ढेपेसारखी त्याची पाठ, म्हणून त्याचं नाव ढेपू. सकाळी तो ऊन शोधत जायचा, पोटभर पाला खायचा आणि येसूबाईच्या पायाशी येऊन बसायचा. बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी थंडी कडक पडली. कुंड्यांच्या सांडपाण्याने अंगण सदा ओलं. एके दिवशी ढेपूच्या नाकातून बारीक आवाज येऊ लागला. श्वास घेताना शीळ, सोडताना शीळ.

शेजारणीने ऐकलं आणि ती ओरडली, "अगं बाई, तुझं कासव गातंय!"

संध्याकाळपर्यंत गाव लोटलं. कुणी फुलं वाहिली, कुणी लेकरांना दर्शनाला आणलं. येसूबाईच्या दाराशी एरवी कपडे रंगवायचे असतील तरच कुणी येई. आता लोक तिच्या घराची वाट विचारत येऊ लागले. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ढेपूने पाला हुंगलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तो मान लांब ताणून, तोंड उघडं टाकून बसला. नाकपुडीवर एक बुडबुडा फुगला आणि फुटला.

"बघा, देवाला हाक मारतोय!" गर्दीतून कुणी म्हणालं. टाळ्या वाजल्या.

येसूबाईने त्याचा पाय धरला. पाय गार होता. बारा वर्षांत पाय धरला आणि त्याने तो आत ओढला नाही, असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात पाटील आले. "येसू, उद्या राजेसाहेब येताहेत कासव ऐकायला. त्याला कुठं हलवायचं नाही."

"पाटील, त्याचं काहीतरी बिनसलंय. नदीपलीकडे अंतोबा वैद्य आहेत जनावरांचे. त्यांना दाखवून आणते."

"कासवं थंडीत सुस्तच असतात. एका दिवसाने काय होतंय? आणि राजाने रिकामं अंगण पाहिलं, तर गावाची काय गत होईल?"

येसूबाई घाबरली. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने ढेपूला लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलं, टोपलीत ठेवलं, वर झाकण घातलं आणि निघाली.

दर दहा पावलांवर ती थांबून कान देई. शीळ ऐकू आली की जीव तुटायचा. नाही आली की ती झाकणाखाली हात घालून त्याला चाचपायची.

नदीच्या उताराशी समोरून राजाचीच स्वारी आली. राजाने विचारलं, "बाई, गाणारं कासव म्हणतात ते हेच का? उघडा टोपली."

येसूबाईचे हात टोपली धरण्यात अडकलेले, तिला नमस्कारही करता आला नाही. "महाराज, वारा झोंबतोय. उघडलं तर त्याला सोसायचं नाही. ते गाणं नाही हो. त्याला श्वास पुरत नाहीये."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, महाराज. तीन दिवस झाले, त्याने अन्न टाकलंय."

राजाने झाकणाला कान लावला. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग ताठ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "हिला आधी नदी उतरू द्या." सगळी स्वारी बाजूला सरली.

अंतोबाने ढेपूला उजेडात धरलं, नाक पाहिलं, सुजलेले डोळे पाहिले. "याला खोकता येत नाही, बाई. छातीत साचलेलं बाहेर टाकायची सोयच कासवाला नाही. शीळ कधी सुरू झाली?"

"आज चौथा दिवस."

"मग पहिल्याच दिवशी का नाही आणलंत?"

येसूबाईने मान खाली घातली. "लोक टाळ्या वाजवत होते," ती म्हणाली.

अंतोबाने ढेपूला कोरड्या, उबदार खोलीत ठेवलं. औषध सुरू केलं, रोज कोमट पाण्यात बसवलं. येसूबाई तिथेच राहिली. दहा दिवस ढेपूने डोळे उघडले नाहीत. अंतोबा रोज सकाळी येई, ढेपूला तपासी आणि औषध देऊन जाई. ढेपू वाचेल का, हे त्याला विचारायचं धाडस तिला होत नव्हतं. अकराव्या दिवशी ढेपूने पाय आत ओढला. सतराव्या दिवशी पाल्याचा एक तुकडा तोडला.

"वाचला," अंतोबा म्हणाला. "पण एक फुप्फुस दुबळं झालंय. आधी आणला असतात, तर तेही वाचलं असतं. आता दर थंडीत याला जपावं लागेल, जन्मभर."

येसूबाईने ते जन्मभर केलं.

बोध: मुक्या जिवाचं वागणं बदललं की ते दुखणं समजावं, आणि कौतुकात किंवा भीतीत वेळ न घालवता त्याला जाणत्या वैद्याकडे न्यावं.