उसनी राजकन्या

स्वतःची लेक प्यारी असणारे लोक दुसऱ्याची लेक किती सढळ हातानं दान करतात! स्वतःच्या मुलीला बागेत जायचं तरी मेणा हवा. दुसऱ्याच्या मुलीनं मात्र वाळवंट तुडवून देश वाचवावा! आणि वर या भ्याडपणाला नाव काय, तर राजकारण!

चीनच्या एका बादशहाच्या दरबारात हेच राजकारण शिजलं. उत्तरेच्या गवताळ मुलखातल्या खानाशी तह ठरत होता. तह पक्का करायचा तर खानाला राजकन्या द्यायची, असा जुना रिवाज. बादशहाला लग्नाची मुलगी एकच, युनहुआ. आणि तिला तर प्रधान फान छू यांनी आपल्या ठोंब्या मुलासाठी मनातल्या मनात कधीच सून करून टाकलं होतं; दासींत तर याची कुजबुजही होती! मग प्रधानांनी तोडगा काढला. एका दासीला फर्मान काढून राजकन्या करायचं आणि तिलाच उंटावर चढवायचं!

दासी निवडली ती पेईलान, महालातले रेशमी कपडे धुणारी. पंचविशी गाठलेल्या दासीला घरी सोडायचं, असा नियम होता. पेईलाननं परवाच पंचविशी गाठली होती. तिचं गाठोडं बांधून तयार होतं आणि गावी आई डोळे लावून बसली होती. पण घराकडे नेण्याऐवजी तिला नवरीचा लालभडक रेशमी वेष चढवून बादशहापुढं उभं केलं.

"नशीब उघडलं तुझं!" प्रधान म्हणाले. "काल धोबीण, आज राजकन्या!"

"एवढं चांगलं नशीब असेल तर प्रधानजींनी आपल्याच घरी ठेवावं," पेईलान म्हणाली. "महाराज, मला माझ्या घरी जायचंय."

बादशहा भडकला. "माझं फर्मान निघालंय! पिवळ्या रेशमावर उमटलेलं अक्षर आजवर कुणी पुसलेलं नाही!"

"पुसू नका. आहे तसंच राहू द्या. तरी मी जाणार नाही."

"असं?" बादशहा हट्टाला पेटला. "मग ऐक! फर्मानातलं एक अक्षर न बदलता, माझी आज्ञा न मोडता इथं थांबून दाखव. ही उदबत्ती जळेपर्यंत वेळ. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर आजच उंटावर!"

उदबत्ती पेटली. दरबारी गालात हसू लागले.

"मला वाचता येत नाही," पेईलान म्हणाली. "मी कोण झालेय, ते एकदा ऐकवा तरी!"

प्रधानांनी मोठ्या ऐटीत फर्मान उलगडलं. "पेईलान, बादशहांची ज्येष्ठ कन्या. माता, गेल्या शरदात स्वर्गवासी झालेली राणी सू."

"ही राणी का निवडली?"

"जिवंत राण्या कटकट करतात," प्रधान मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "मेलेली कधी हरकत घेत नाही!"

पेईलान मटकन खाली बसली. केसांतले सोन्याचे काटे उपसून तिनं फेकले आणि असा टाहो फोडला की पहारेकरी दचकले.

"आई गं! तुला जाऊन सहा महिनेही झाले नाहीत, आणि मला लाल कपडे नेसवले! कुठं आहे माझं सुतकाचं जाडंभरडं पांढरं वस्त्र?"

आईबाप गेले की मुलांनी सत्तावीस महिने सुतक धरायचं. लग्न नाही, लाल रंग नाही, गाणंबजावणं नाही. मोठमोठे सुभेदारही पद सोडून घरी बसत. सुतकात लग्न करणं हे तर त्या राज्यातल्या दहा महापातकांपैकी एक!

"ढोंग आहे हे!" प्रधान ओरडले. "ही कसली सू राणीची मुलगी!"

"म्हणजे बादशहांचं फर्मान खोटं?" पेईलाननं डोळे पुसत विचारलं. "की खरं, आणि सुतकातल्या मुलीला नवरी केलीत तुम्ही? दोन्हींत फाशीच आहे, प्रधानजी. आवडेल ती निवडा."

प्रधानांचा चेहरा उतरला. "म... महाराज, मग... धाकट्या राजकन्येलाच, युनहुआलाच पाठवावं..."

"थोरली घरात असताना धाकटीचं लग्न?" पेईलान कडाडली. "बाबा, लोक काय म्हणतील! खान राहू द्या, इथल्या कुणाच्या ठोंब्या मुलाशीसुद्धा तिचं लग्न सत्तावीस महिने होणं नाही!"

"बाबा" ऐकून बादशहाच्या भुवया वर चढल्या. तेवढ्यात पडद्यामागून राजकन्या युनहुआ फिस्सकन हसली.

"आणि सत्तावीस महिन्यांनंतर?" बादशहानं विचारलं.

"खान एकाहत्तर वर्षांचा आहे, बाबा. तोवर कोण कुणाचं सुतक धरत असेल, कुणी सांगावं!"

बादशहा हसत सुटला. मुकुटाचे मोती खळखळेपर्यंत हसला! उदबत्ती अजून अर्धी शिल्लक होती.

"माग, पोरी!"

"सुतकातल्या मुलीनं आपल्या घरी जाऊन बसावं, अशी रीत आहे. मला गावी सोडा."

बादशहानं तिला गावी जायला रथ दिला, रेशमाचे चाळीस तागे दिले. राजकन्येचा मान फर्मानातच होता, तो पुसायची सोय नव्हती. म्हणून रथ निघताना दारात कपाळ टेकवायचा हुकूम सगळ्यांत आधी प्रधानांना झाला. त्यांनी टेकवलं. फरशी गार होती म्हणतात.

मग बाहेर ताटकळलेल्या खानाच्या वकिलाला आत बोलावलं. बादशहानं घसा खाकरून, फार दिलगिरीनं, सुतकाची हकिकत सांगितली.

म्हातारा वकील डोकं खाजवत म्हणाला, "आमच्या पत्रात चहा मागितला होता, महाराज. मुलगी दर वेळी तुम्हीच पाठवता! मागची अजून रडतेय, आणि चहा काही आलेला नाही."