उतरलेली मांडणी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. नदीच्या वळणावर तांबटांचं एक गाव होतं. दिवस उजाडला की गावभर हातोड्यांचे ठोके सुरू होत आणि दिवेलागणीला थांबत. त्या गावचे हंडे, घागरी, पराती दहा गावांत नावाजलेल्या होत्या.

त्या गावाची एक रीत होती. प्रत्येक घराच्या ओसरीवर लाकडी मांडणी असे आणि तिच्यावर चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्याची भांडी ओळीने लावलेली असत. रस्त्याने जाणारा माणूस मांडणी बघूनच घराची पत ठरवी. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी हंडे मोजत. मांडणी उतरवायची ती फक्त घरात कुणी वारलं तर. तेरा दिवस ओसरी उघडी, चौदाव्या दिवशी भांडी पुन्हा चढवायची.

या गावात मल्हारी तांबट राहत होता. घरात त्याची म्हातारी आई, बायको सारजा आणि लग्नाला आलेली मुलगी वेणू. फार नव्हतं, पण कमी काही पडत नव्हतं.

एका वर्षी गावात एक गोडबोल्या माणूस आला. त्याने घरोघर पितळी बिल्ले वाटले. म्हणून गाव त्याला बिल्लेवाला म्हणू लागलं.

"हा बिल्ला कुठल्याही दुकानात दाखवा आणि हवं ते उचला," तो म्हणाला. "दुकानदाराला पैसे मी देतो. तुम्ही मला पौर्णिमेला द्या."

"आणि पौर्णिमेला नाही जमलं तर?" सारजाने विचारलं.

"अहो वहिनी, मी काय परका आहे? चिमूटभर द्या. बाकीचं राहू दे, मी सांभाळतो."

त्याने ते सांभाळलं. मात्र सांभाळलेलं पौर्णिमेगणिक वाढत जातं, हे त्याने सांगितलं नाही आणि गावाने विचारलं नाही.

वेणूला स्थळं येऊ लागली होती. मल्हारीने बिल्ला दाखवून तांब्याचे पत्रे आणले आणि त्यांचे सुरेख हंडे घडवले. ते बाजारात न्यायचे, तर त्याने मांडणीवर चढवले. "चार हंडे वाढले, की चांगल्या घरचं स्थळ येईल," तो म्हणाला. मग पाहुण्यांसाठी तूपसाखर आली. मग वेणूला भरजरी लुगडं आलं. दर पौर्णिमेला मल्हारी चिमूटभर देऊन यायचा आणि शांत झोपायचा. ती चिमूट व्याजालाच पुरत नव्हती.

वर्ष सरता सरता त्याने एका दुसऱ्या बिल्लेवाल्याकडून दुसरा बिल्ला घेतला आणि त्यातून पहिल्याचं थोडं भागवलं. त्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला.

"बघ, पहिल्याचं ओझं उतरलं!"

"उतरलं कुठे? या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं."

"तू गप्प बस गं. आणि कुणाकडे बोलू नकोस. घरातली गोष्ट घरातच राहू दे."

सारजा गप्प बसली.

पुढे घरातलं काहीतरी विकायची वेळ आली, आणि मल्हारीने त्या गावच्याच माणसाला सुचेल अशी चूक केली. मांडणी रस्त्यावरून दिसत होती. भट्टी मागच्या पडवीत होती, ती कुणाला दिसत नव्हती. म्हणून मांडणीला त्याने हात लावला नाही. आधी भाता गेला. मग घण गेला. शेवटी ऐरण गेली.

त्या घरातले ठोके थांबले. कुणी विचारलं, तर मल्हारी म्हणे, "खांदा भरून आलाय जरा." सारजा रोज भांडी घासत राहिली. आमटीत घालायला चिंच नव्हती, मांडणीपुरती मात्र ती कुठूनतरी आणायची.

तीन पौर्णिमा चिमूटही गेली नाही. बिल्ला देताना बिल्लेवाल्याने अंगठा घेतलेल्या करारात होतं, की असं झालं तर घरातल्या एका माणसाने डोंगरापलीकडच्या त्याच्या चुनभट्ट्यांवर वर्षभर राबायचं. करार कुणी वाचला नव्हता. मल्हारी गेला. जाताना एवढंच बोलला, "परगावी मोठं काम मिळालंय, असं सांग सगळ्यांना." सारजाने तसं सांगितलं, तेही हसून.

आठव्या महिन्यात बिल्लेवाला पुन्हा ओसरीवर येऊन बसला.

"वहिनी, तुमच्या यजमानांच्या मजुरीत व्याजसुद्धा निघत नाही. येत्या पौर्णिमेला मुलीला पाठवा."

"आमचे मालक आहेत ना तिथे?"

"आहेत की. पण त्यांचे डोळे आता कामाचे नाहीत. चुन्याची धग, दुसरं काय!" पावसापाण्याचं बोलावं, तसं तो बोलला. उठता उठता त्याने एका हंड्यावर टिचकी मारली. "हवं तर ही भांडी मोडीच्या भावाने घेईन. विचार करा."

तो गेला. सारजाने मांडणीवरचा सर्वांत वरचा हंडा उतरवला. मग दुसरा. मग घागरी.

आवाज ऐकून सासू धावत आली. "सारजे! हे काय करतेस? माझा लेक जिवंत आहे अजून!"

"म्हणूनच उतरवतेय, आत्याबाई."

उघडी मांडणी बघून गल्ली गोळा झाली. शेजारची गिरजाकाकू भाकरी-पिठलं झाकून घेऊन आली, सुतकाच्या घरी नेतात तसं.

"कोण गेलं गं, सारजा?"

"कोणी नाही गेलं, काकू. कर्ज झालंय. दोन बिल्ल्यांचं. ऐरण विकली. हे परगावी नाहीत, चुनभट्टीवर आहेत. आणि पौर्णिमेला वेणूला न्यायला येणार आहेत."

मागून एकजण पुटपुटला, "मांडणी तर भरलेली होती!"

"मांडणी भरलेली होती, दादा. धान्याचे डबे नव्हते."

गिरजाकाकूने ताट खाली ठेवलं आणि मान खाली घालून ती निघून गेली. सारजाला वाटलं, झालं, आता हिच्यापासून सगळ्या गावाने पाठ फिरवायला सुरुवात केली. पण थोड्याच वेळात शेजारच्या ओसरीवरून भांड्यांचा खणखणाट ऐकू आला. काकू आपली मांडणी उतरवत होती. तिच्या पडवीतही ऐरण नव्हती.

संध्याकाळपर्यंत त्या गल्लीतल्या सात ओसऱ्या उघड्या पडल्या. परका माणूस आला असता, तर त्याला वाटलं असतं, गावात पटकीची साथ शिरली.

ती सात घरं सारजाच्या ओसरीवर बसली. पहिल्यांदा भांडणंच झाली. कुणी नवऱ्याला बोल लावला, कुणी सुनेच्या लुगड्यांना. भांडून दमल्यावर मग कामाचं बोलणं निघालं. मोडीच्या भावाने एकही भांडं द्यायचं नाही, असं ठरलं. गाड्या जुंपून तीन दिवसांवरच्या जत्रेत सगळी भांडी नेली, आणि ती नव्या भांड्यांच्या भावाने गेली. त्यातून सातही घरांचं त्या पौर्णिमेचं व्याज भरलं. वेणू घरी राहिली.

उरलेल्या पैशांवरून पुन्हा वाद पेटला. "आधी कर्जात भरा!" सगळे ओरडले.

"आणि पुढचं कशाने फेडाल? तोंडाने?" म्हातारी आत्याबाई कडाडली. "आधी ऐरण आणा!"

एक ऐरण, एक घण आणि एक भाता विकत आणला. सात घरांची एकच भट्टी पेटली, त्यामुळे कोळसा एका घराचाच लागू लागला. स्वयंपाकही एकाच चुलीवर होऊ लागला. माणसं कमी पडली, तेव्हा सारजाने आणि वेणूने घण उचलला. ज्या घराचं व्याज सर्वांत जोरात वाढत होतं, त्याचं कर्ज आधी, मग त्याखालचं, असा क्रम लावला. सगळे बिल्ले एका मडक्यात घालून ते आत्याबाईच्या खाटेखाली ठेवले. तिने सांगून टाकलं, "ज्याला बिल्ला हवा, त्याने खुशाल मागावा. फक्त कशाला हवा, ते सातही घरांसमोर सांगावं."

एकानेही मागितला नाही.

बिल्लेवाल्याचं काही बिघडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्या गल्लीतून पैसे वसूल करून तो पुढच्या गावी गेला. तिथल्या मांडण्याही भरलेल्याच होत्या.

सारजाच्या घराचं व्याज सर्वांत वेगाने वाढणारं, म्हणून तिची पाळी पहिली. तरी शेवटचा पैसा भरायला पाच महिने लागले. मल्हारीचं वर्ष संपलं होतं, पण बाकी होती म्हणून त्याला सोडलं नव्हतं. ती स्वतः डोंगर ओलांडून चुनभट्टीवर गेली. मुकादमाने चोपडीवर रेघ मारली आणि एका भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मल्हारी बसला होता. त्याची दोन्ही बुबुळं पांढरी पडली होती.

तिने त्याचा हात धरला. त्याने तो चाचपून बघितला.

"हात इतका राठ कशाने झाला?"

"घणाने. मी आणि वेणू चालवतो आता." आणि वाटेने चालता चालता तिने त्याला सगळं सांगितलं.

"गिरजाकाकूच्या घरीसुद्धा?" त्याने विचारलं.

"हो. तिच्याकडे तीन बिल्ले होते."

"म्हणजे सात घरांत सारखंच होतं." तो वाटेत थांबला. "मग मी लपवत कुणापासून होतो, सारजा?"

तीही दीड वर्ष गप्प बसली होती. समोर खड्डा होता. तिने त्याला कोपराला धरून बाजूने नेलं.

कर्ज फिटलं. डोळे परत आले नाहीत.

बोध: झाकून ठेवलेलं कर्ज घरातलं माणूस खातं, आणि वेळेवर उघडं केलेलं कर्ज चार हातांनी फिटतं.