थोरल्याच्या मापाचे दाताळे

फार फार मागच्या काळची गोष्ट. एका डोंगराच्या उतारावर एक लहानसे गाव होते. तिथे शेती बेताची, पण गवत उदंड. पावसाळा सरला की लोक गवत कापत, उन्हात वाळवत आणि दाताळ्याने ओढून त्याची गंजी रचत. उन्हाळाभर गुरे त्यावरच जगत.

त्या गावात दाताळ्याची एक रीत होती. दांडा उभा धरला की तो ओढणाऱ्याच्या हनुवटीला टेकला पाहिजे. आखूड पडला तर कंबर मोडते, लांब झाला तर खांदे. हे माप घरातले मोठे माणूस घेई. आणि एखादा माणूस गेला, तर त्याचे दाताळे त्याच्याच चितेवर ठेवत.

या गावात दोन भाऊ राहत. थोरला ताडासारखा उंच. धाकटा जेमतेम त्याच्या खांद्याला लागे. थोरला दाताळे ओढी, धाकटा मागून पेंढ्या बांधी. थोरला सांगे आणि धाकटा करी, असे त्यांचे चालले होते. त्या वर्षी श्रावणात थोरल्याला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. घरात उरली थोरल्याची बायको, धाकटा आणि दावणीची गुरे.

गवत कापून झाले, वाळलेही. दिवाळी सरली की डोंगरावरून असा वारा सुटे, की मोकळे गवत थेट दरीत जाई. त्याच्याआधी गंजी लागली नाही, तर गुरे उपाशी. थोरल्याचे दाताळे चितेवर गेले होते आणि नवे घडवायला सुताराला सवड नव्हती. म्हणून धाकट्याने आपली घोंगडी खांद्यावर टाकली आणि ती देऊन जुने दाताळे आणायला तो बाजारात गेला.

तिथे एक म्हातारी जुनी अवजारे मांडून बसली होती. धाकट्याने त्यातले सर्वांत मोठे दाताळे उचलले. दांडा लांब, फळी रुंद, दाते लोखंडी.

"ते सपाट माळावरचं आहे, लेकरा," म्हातारी म्हणाली. "तुझं रान कसलं?"

"उताराचं."

"दगड आहेत?"

"उतारावर दगड नसतील तर काय पेढे असतील?"

म्हातारी हसली. "मग हे लाकडी दात्यांचं घे. हलकं आहे, आखूड आहे. दगड आला तर वरून निघून जातं."

धाकट्याने तिकडे पाहिलेही नाही. त्याने मोठे दाताळे उभे धरले आणि आपल्या डोक्याच्याही वर हवेत हात आडवा केला. दांडा बरोबर त्या हाताला टेकला.

"कुणाची हनुवटी मोजतोस?" म्हातारीने विचारले.

"आमच्या घरातल्या माणसाची."

"मग त्यालाच घेऊन ये की. बघून देते."

धाकट्याने घोंगडी तिच्या पुढ्यात टाकली, दाताळे खांद्यावर घेतले आणि तो चालू लागला.

घरी वहिनी दांड्याकडे बघत राहिली. "भावोजी, हे तुम्हाला झेपेल?"

"दादाला झेपत होतं."

"हो. त्यांना झेपत होतं," ती म्हणाली आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

धाकटा कुरणात उतरला. दाते दगडांत अडकू लागले. लांब दांडा काखेतून मागे निघे आणि चढाला टेके. खांदे भरून आले. एक दाता मोडला, मग दुसरा.

"काय रे, तू दाताळं ओढतोस की दाताळं तुला?" शेजारी बांधावरून म्हणाला.

धाकटा ओढतच राहिला. दिवस मावळला तेव्हा गवताचा एक कोपरा तेवढा गोळा झाला होता.

पहाटे वारा सुटला. खालच्या अंगाचे सगळे गवत त्याने उचलले आणि दरीत नेले. धाकटा आणि वहिनी बघत उभे राहिले. उजाडता उजाडता वारा पडला.

"भावोजी, तुमचे दादा गेले, ते माझेही होते," वहिनी हळूच म्हणाली. "पण गुरांना ते सांगून भागत नाही."

धाकट्याने मोडके दाताळे उचलले आणि म्हातारीचे घर विचारत तो तिच्या दारात गेला. म्हातारीने मोडके दाते पाहिले. आतून तिने लाकडी दाताळे आणले.

"उभा राहा नीट. माप घेते."

"माप घरातलं मोठं माणूस घेतं," धाकटा म्हणाला. "ते आता नाही."

म्हातारीचा हात थांबला. मग तिने दाताळे त्याच्याच हातात दिले.

"तर मग तूच घे. घरातलं मोठं माणूस आता तू आहेस."

धाकट्याने दांडा उभा धरला. तो हनुवटीला टेकला. चिता पेटली तेव्हा जे रडू आले नव्हते, ते त्याला आता आले. म्हातारी सूप घेऊन धान्य पाखडत बसली. तिने त्याला पोटभर रडू दिले.

वारा पुन्हा सुटण्याआधी उरलेल्या गवताची गंजी लागली. पण ती लहान झाली. बैल तगले. गायीला मात्र उन्हाळ्यापुरते वहिनीच्या माहेरी धाडावे लागले. चूक धाकट्याची होती, पायपीट गायीला पडली.

म्हणून जाणती माणसे सांगतात : गेलेल्याला काळजात ठेवावे, अवजार मात्र राबणाऱ्या हाताच्या मापाचे घ्यावे.