यादीत नसलेलं वाईट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकून घ्यावी, म्हणून सांगतो.

एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. एका वर्षी तिथे असा दुष्काळ पडला, की लोकांनी पेरणीसाठी राखलेली ज्वारीसुद्धा दळून खाल्ली. मग तीही संपली. त्याच दिवसांत बैलांवर मीठ वाहणाऱ्यांचा एक तांडा घाट उतरून आला. त्यांनी गावातल्या थंड चुली पाहिल्या, आणि स्वतःच्या वाटेसाठी घेतलेलं निम्म्याहून जास्त धान्य चावडीवर ओतलं. नावं विचारली तर सांगितली नाहीत. "ऊन चढायच्या आत पुढं जायचंय," म्हणाले आणि गेले.

त्या धान्यावर गाव जगलं. पुढे चांगली सुगी आली, कणग्या भरल्या, पण तो तांडा काही पुन्हा आला नाही. लोकांना मात्र ते दिवस विसरवेनात. बारा-पंधरा वर्षांनी पाटलांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "ते येवोत न येवोत. घाट उतरून जो येईल तो त्यांचाच माणूस, असं आपण समजू. त्याला पाठ टेकायला एक धर्मशाळा बांधू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात एक पंडित होते. मनाने सरळ आणि शब्दांचे मोठे हौशी. ते उठून म्हणाले, "त्या दिवशी आपण चांगुलपणा डोळ्यांनी पाहिला. तो शब्दांत धरून ठेवू. चांगलं म्हणजे काय आणि वाईट म्हणजे काय, हे दारावरच्या आडव्या शिळेवर कोरू. येणारा-जाणारा वाचेल आणि तसा वागेल."

शिळा घडवायचं काम एका तरुण पाथरवटाकडे आलं. तो फार बुजरा होता. माणसांशी बोलताना त्याची जीभ टाळ्याला चिकटे. दगडाशी मात्र तो तासन् तास बोलत बसे. दुष्काळात तो सात वर्षांचा होता, आणि त्या धान्याची पहिली भाकरी आईने कशी चार तुकडे करून वाटली, हे त्याला अजून आठवत होतं. म्हणून त्याने घाटातला सगळ्यात चांगला काळा पाषाण निवडला.

पंडितांनी गेरूने शिळेवर सात ओळी लिहून दिल्या. खोटं बोलणं वाईट, चोरी वाईट, भुकेल्याला घास देणं चांगलं, अशा. पण गावाला ही बातमी लागली आणि पंडितांच्या ओसरीवर रांग लागली.

"पंडितजी, दुसऱ्याच्या रानात ढोरं सोडणं लिहिलंत का?"

"लिहितो."

"आणि भरल्या पंगतीत दुसरीच्या आमटीला नावं ठेवणं?" एका बाईने शेजारणीकडे बघत विचारलं.

"माझ्याकडं कशाला बघतेस गं?"

"मी कुठं नाव घेतलं? तुझं तुलाच लागलं!"

पंडितांनी तेही लिहिलं. सातांच्या सतरा ओळी झाल्या, सतरांच्या एकतीस. पाथरवट दबक्या आवाजात म्हणाला, "पंडितजी, दगडालाही सोसेल एवढंच..." पण त्याचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचलं नाही. तो कोरत राहिला.

शेवटची ओळ होती, 'दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडणं वाईट.' त्यातल्या शेवटच्या 'ट'वर छिन्नी बसली आणि दगडातून एक बारीक आवाज आला. पाथरवटाने हात थांबवला. मग हातोडीने शिळेवर हलकाच ठोका मारला. सलग दगड खणखणतो. ही शिळा बद्द वाजली. आत तडा गेला होता.

दुसऱ्या दिवशी शिळा चढवायची होती. दोर आले होते, माणसं ठरली होती. नवा दगड काढून घडवायचा म्हणजे पाऊसकाळ मध्ये येणार. आणि गाव काय म्हणेल? बापाच्या पश्चात मिळालेलं हे पहिलं मोठं काम. पाथरवटाने इकडेतिकडे पाहिलं. लाख वितळवली, तिच्यात दगडाची भुकटी कालवली आणि तड्याच्या तोंडात भरली. वरून घासलं. आता तो तडा त्याला स्वतःलाही दिसेना.

शिळा चढली. तिच्यावर भिंत उभी राहू लागली. पाटलांनी सगळ्यांसमोर पाथरवटाच्या डोक्याला पागोटं बांधलं. "पोरानं गावाचं नाव राखलं!" लोक म्हणाले. त्याने मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजला.

त्या दिवसापासून त्याला घास गिळवेना, की रात्री झोप लागेना. बायकोने विचारलं, "अहो, भाकरी कडक झालीय का?" तो म्हणाला, "नाही, चांगली झालीय," आणि तशीच ठेवून उठला.

रोज तो धर्मशाळेच्या दारासमोर उभा राहून आपणच कोरलेली यादी वाचायचा. खोटं बोलणं वाईट. पण मी खोटं कुठे बोललो? मला कुणी विचारलंच नाही. चोरी वाईट. मी कुणाचं काही घेतलं नाही. हात उगारणं वाईट. मी कुणाला बोटही लावलं नाही. एकतीसच्या एकतीस ओळी तो वाचून काढी, आणि त्यात त्याचा अपराध कुठेच सापडत नसे. उलट 'अंगमेहनत करणं चांगलं' अशी एक ओळ होती. यादीप्रमाणे तो चांगलाच माणूस ठरत होता.

एकदा त्याने धीर करून पंडितांना विचारलं, "पंडितजी, जे यादीत नाही, ते वाईट नसतं का?"

पंडित खुशीत हसले. "वेड्या, यादीत नाही असं काही उरलंय का आता? आमटीसुद्धा सोडली नाही मी!"

धर्मशाळेच्या मागे चुन्याची घाणी होती. गोल चरात चुना आणि वाळू घालायची आणि बैलाने दगडी चाक ओढत ती मळायची. त्या बैलाचं नाव चांद्या. दुपारी सगळे जेवायला गेले होते आणि चांद्या सावलीत रवंथ करत होता. पाथरवट त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि न राहवून बोलू लागला. त्या काळी माणसं बैलांशी बोलत, आणि बैलही मनात आलं तर उत्तर देत.

"तू रोज दारासमोर जातोस आणि तसाच परत येतोस," चांद्या म्हणाला. "गोल गोल फिरायला मला निदान जुंपतात तरी. तुला कुणी जुंपलंय?"

"चेष्टा करू नकोस. मी कोड्यात पडलोय. वाईट म्हणजे काय, हेच मला कळेनासं झालंय."

"बरं. तुला होतंय तरी काय?"

"वाईट वाटतंय."

बैल रवंथ करायचा थांबला. "काय वाटतंय?"

"वाईट."

"मग झालं की! वाईट म्हणजे काय म्हणून मला विचारतोस, आणि ते वाटतंय तर तुलाच. शब्द तुझ्या तोंडात आहे आणि तू तो भिंतीवर शोधतोयस."

मग पाथरवटाने तड्याचं सगळं सांगून टाकलं. चांद्याने कान हलवले. "त्या शिळेखालून कोण जाणार?"

"घाट उतरून येणारे. बायामाणसं, लेकरं."

"त्यांना तडा दिसेल?"

"नाही. तो फक्त मला माहीत आहे."

"म्हणून तर ते फक्त तुलाच टोचतंय."

"पण सांगितलं तर माझ्या हाताला पुन्हा काम कोण देईल रे? पागोटं जाईल, अब्रू जाईल."

"जाईल," चांद्या म्हणाला. "सांगून तुझं भलं होईल, असं मी म्हणतच नाही. मी बैल आहे, ज्योतिषी नाही." आणि तो पुन्हा रवंथ करू लागला.

पौर्णिमेला धर्मशाळा उघडायची होती. दाराला आंब्याची पानं बांधली होती. योगायोग असा, की त्याच सकाळी मीठ वाहणाऱ्यांचा एक तांडा घाट उतरला. ते दुसरेच लोक होते, पण गावाला आनंद झाला. पाटलांनी त्यांना हाताला धरून दारापाशी आणलं. पुढे एक बाई होती, कडेवर लहान मूल आणि बोटाला दुसरं. ती उंबऱ्यात पाऊल ठेवणार, तोच पाथरवट धावत आला आणि दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"थांबा!"

त्याचा एवढा मोठा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता.

"अरे, बाजूला हो!" मागून कुणी ओरडलं. "पागोटं मिळालं तर दार अडवायला लागला!"

"पाहुण्यांना मान पहिला, तुला नाही!"

पाथरवटाने डोक्यावरचं पागोटं काढून पाटलांच्या हातात दिलं. "शिळेत तडा आहे," तो म्हणाला. "कोरताना गेला. मी लाख भरून लपवला. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. तेव्हापासून मला झोप नाही. या दारातून कुणी जाऊ नका."

पाटलांना खरं वाटेना. पाथरवट शिडीवर चढला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशी हातोडी मारली. शिळा बद्द वाजली.

मग खांब लावून भिंतीचा भार तोलला, वरचे दगड उतरवले. चार दिवस गेले, तोवर तांडा चावडीवरच उतरला होता. पाचव्या दिवशी दोरांनी शिळा खाली आणली आणि गवताच्या थरावर अलगद ठेवली. ठेवताक्षणी तिचे दोन तुकडे झाले. कुणीही तिला हात लावला नव्हता.

लोकांनी त्या तुकड्यांकडे पाहिलं, आणि मग त्या बाईच्या लेकरांकडे पाहिलं. बाई पुढे आली. तिने पाथरवटाच्या चेहऱ्यावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. "तुला झोप लागली नाही, म्हणून माझी लेकरं झोपतील रे बाबा," ती म्हणाली.

पाटलांचा राग मात्र लगेच गेला नाही. "तू आम्हाला फसवलंस, ते मी विसरणार नाही," ते म्हणाले. "नवी शिळा तू फुकट घडवायचीस. पागोटं माझ्याकडेच राहील." पाथरवटाने हात जोडले. त्याला हे अगदी रास्त वाटलं, आणि कित्येक दिवसांनी त्याला भूकही लागली.

पंडित तुटलेल्या यादीजवळ बसले होते. ते म्हणाले, "नव्या शिळेवर एक ओळ वाढवू. 'तडा लपवणं वाईट.'"

पाथरवट भीत भीत म्हणाला, "पंडितजी, मग उद्या कुणी दुसरंच काही लपवेल. ते यादीत नसेल."

पंडित त्याच्याकडे वळले. "मग तुला कसं कळलं?"

"मला कळलं नव्हतं. मला वाईट वाटत होतं, एवढंच."

पंडितांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या पोराचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "माझी यादी खोटी नाही रे, पण ती अपुरी आहे. मी आयुष्यभर वाईट म्हणजे काय ते सांगत आलो, आणि वाईट वाटू देणं हेच चांगलं असतं, हे मला आज तू शिकवलंस. तुझे उपकार आहेत."

नव्या शिळेवर काही कोरायचं नाही असं ठरलं. पाऊस सरल्यावर ती चढली. पाटलांनी स्वतः तिच्यावर हातोडी मारून पाहिली, तेव्हा ती देवळातल्या घंटेसारखी खणखणली. पुढे कित्येक पिढ्या लोक घाट उतरून आले आणि त्या शिळेखालून निर्धास्त आत गेले. ते गावाचे आभार मानत, आणि गाव त्यांचे.

पाथरवटाला पुढची दोन वर्षं फारसं काम मिळालं नाही. नंतर हळूहळू दूरदूरची माणसं त्याच्याकडेच येऊ लागली, कारण हा आपल्या दगडाचा दोष आपणच सांगतो, अशी त्याची ख्याती झाली. पण तो स्वतः त्या ख्यातीहून जास्त उपकार मानी ते त्या थोड्या दिवसांचे, जेव्हा त्याला घास गिळवत नव्हता आणि मन त्याला सोडत नव्हतं.

या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: आपल्यामुळे दुसऱ्याचं काय होईल या विचाराने ज्याला वाईट वाटतं, त्याच्यातलं चांगलं जागं असतं, आणि त्याने त्याचंच ऐकावं.